मुक्त मूडल आणि मोठ्या क्लाऊडचा हट्ट

महाविद्यालयाने मूडल किंवा ओपन ईडीएक्स हे ऑनलाइन शिकवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर बसवायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास पडतं : ‘ठेवायचंच असेल तर ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या क्लाऊडवर ठेवा, बाकीच्यांच्या नादी लागू नका.’ बोलणारा कधी सल्लागार असतो, कधी आयटी विभागाचा प्रमुख, तर कधी मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढ्या भांडवलावर या विषयातले जाणकार ठरलेले विश्वस्त. वाक्यावर चर्चा होत नाही. प्राचार्य मान डोलावतात, कोटेशनं मागवली जातात, आणि दोन-तीन वर्षांनी लेखापाल बिलांची फाईल घेऊन येतो तेव्हा तीच मंडळी विचारतात, ‘मूडल तर फुकट असतं ना?’

मूडल फुकटच आहे. पैसे लागतात ते त्याला जागा देण्याचे, आणि ती जागा कुठे घ्यायची हा निर्णय आपण कंपनीच्या नावावर सोपवून मोकळे झालेलो असतो. माझं म्हणणं सरळ आहे. साधारण आकाराच्या महाविद्यालयाला किंवा प्रशिक्षण संस्थेला या तीन बड्या कंपन्यांच्या क्लाऊडची गरज नसते. ज्यांना ती आहे असं वाटतं, त्यांनी ती आकड्यांनी दाखवावी. मोठ्या नावाच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात काही खरंही आहे. तेही पुढे येईलच.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते पाहू. मूडल ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी लिहिलं. २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली. पीएचपी, एक डेटाबेस आणि फायलींचं एक फोल्डर एवढाच त्याचा संसार. ओपन ईडीएक्सचा पसारा त्याहून मोठा. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०१२ मध्ये ईडीएक्स सुरू केलं, पुढच्याच वर्षी त्याचा कोड खुला झाला, आणि पवईच्या आयआयटीने आपलं आयआयटीबॉम्बेएक्स त्याच कोडवर उभारलं. २०२१ मध्ये ईडीएक्सचा व्यवसाय टूयू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकला गेला. २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. या उलथापालथीत ओपन ईडीएक्सचा कोड कुणाच्या तिजोरीत अडकला नाही, कारण तो मुक्त परवान्याखाली होता आणि प्रकल्पाची सूत्रं ना-नफा संस्थेकडे राहिली होती.

मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं ते यासाठी. किंमत शून्य आहे हा नंतरचा लाभ. मालक बदलला, बुडाला किंवा उद्या त्याने भाव दुप्पट केला तरी आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाता येतं, ही खरी कमाई. असं असताना ज्या जागेतून निघणं अवघड, तिथेच हे सॉफ्टवेअर नेऊन बसवायचं, हा कुठला शहाणपणा?

आता मोठं नाव सुचवणाऱ्यांचा सगळ्यांत लाडका मुद्दा घेऊ : मोठ्या कंपनीचं क्लाऊड बंद पडत नाही.

पडतं. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या विभागात डीएनएसचा घोळ झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा कित्येक तास आडव्या झाल्या. त्यात कॅनव्हासही होतं. अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांचे वर्ग, नोट्स आणि परीक्षा या कॅनव्हासवर चालतात. ७ डिसेंबर २०२१ रोजी त्याच विभागात बिघाड झाला होता, तोही तिकडच्या सत्रपरीक्षांच्या तोंडावर, आणि तेव्हाही कॅनव्हास बंद पडलं होतं. कॅनव्हास चालवणारी कंपनी नवखी नाही. तिच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. तरी भरवशाच्या म्हशीला टोणगा झालाच. मोठ्या कंपनीकडे बिघाड झाला की ‘आपलंच नाही, सगळ्यांचं बंद आहे’ असं सांगून हात झटकता येतात, हा एक फायदा मात्र नाकारता येणार नाही. मोठं नाव सुचवणाऱ्या बऱ्याच जणांना मनातून हवा असतो तो हाच, असा मला दाट संशय आहे.

बंद पडणं एक वेळ परवडलं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाऊडवरची खासगी यंत्रणा गूगलच्या बाजूच्या चुकीने पुसली गेली. दोन वेगळ्या ठिकाणी तिची दुहेरी मांडणी होती; दोन्हीकडची एकदम गेली. पाच लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपलं खातं उघडून पाहता येईना. त्यांनी दुसऱ्याही एका पुरवठादाराकडे बॅकअप ठेवले होते, ते सावरायला कामी आले.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही लपवत नाही. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या आवारात आग लागली, एक डेटा सेंटर पूर्ण जळालं आणि दुसऱ्याचं नुकसान झालं. ओव्हीएच म्हणजे बड्या तिघांना युरोपातला पर्याय म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांपैकी एक. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवले होते त्यांची माहिती कायमची गेली. ज्यांनी दुसरीकडे ठेवले होते ते काही दिवसांत उभे राहिले. युनिसुपरचं उदाहरण घ्या की स्ट्रासबुर्गचं, दोन्हीकडे निर्णायक ठरला तो एकच प्रश्न : दुसऱ्या कुणाकडे, दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या पासवर्डखाली आपली एक प्रत आहे का? हा प्रश्न कोटेशनमध्ये कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, सेवा चालू राहण्याची हमी ९९.९ टक्के की ९९.९९ टक्के.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. म्हणतात, ‘परीक्षेच्या दिवशी दोन हजार मुलं एकदम आत येतील. मोठं क्लाऊड आपोआप वाढतं. छोट्याची फजिती होईल.’

इथेच घोडं पेंड खातं, पण ज्या ठिकाणी ते खातं ती जागा क्लाऊडची नसते. उबुंटूच्या सर्व्हरवर मूडल बसवताना पीएचपी बरेचदा एफपीएम नावाच्या सेवेतून चालवलं जातं. तिच्या सेटिंगच्या फायलीत ‘मॅक्स चिल्ड्रन’ अशी एक ओळ असते आणि तिथे मूळ आकडा असतो ५. म्हणजे एका वेळी पाच विनंत्या हाताळल्या जाणार, सहावी रांगेत. तुम्ही ६४ जीबीचं मशीन घ्या, जगातल्या सगळ्यांत महागड्या कंपनीकडून घ्या. ही ओळ बदलली नाही तर दहाच्या पेपरला दहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. मशीन मात्र निवांत असतं, कारण त्याला काम पोचतच नाही. मग मुख्य इमारतीतून फोन येतो, सर्व्हर कमी पडतोय, मोठा घ्या. मोठा घेतला जातो. ओळ तशीच राहते.

आता आकडे मांडून पाहू. मूडलची प्रश्नमंजुषा चालू असताना विद्यार्थ्याचं उत्तर साधारण मिनिटाला एकदा आपोआप साठवलं जातं. दोन हजार मुलं धरली तर सेकंदाला ३३ विनंत्या झाल्या. त्यात पानं उलटण्याच्या विनंत्या मिळवा, सुरुवातीच्या पाच मिनिटांत लॉगिनची झुंबड धरा. भार आहे, पण मोजता येणारा आहे. सेशन रेडिसमध्ये हलवली, पीएचपीचा ओपकॅश चालू आहे ना ते पाहिलं, डेटाबेसला पुरेशी मेमरी दिली आणि दोन वर्गांच्या वेळा दहा-दहा मिनिटांनी पुढेमागे केल्या की अर्धी धास्ती संपते. उरलेल्या अर्ध्यासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री मशीन मोठं करून घ्यायचं आणि परीक्षा संपली की पुन्हा लहान करायचं. ही सोय कुठलाही बरा पुरवठादार देतो. परीक्षेची तारीख आणि वेळ सूचनाफलकावर आठवडाभर आधी लागलेली असते. आपोआप वाढण्याची यंत्रणा ज्याला गर्दी केव्हा येईल हे माहीत नसतं त्याच्यासाठी आहे. आणि ती वाढायलाही काही मिनिटं घेते, मुलं मात्र एका मिनिटात आत घुसतात.

शिवाय आपोआप वाढणं म्हणजे एकाच्या जागी चार वेब सर्व्हर उभे राहणं. मूडलच्या फायलींचं फोल्डर त्या चौघांना मिळून वापरावं लागतं, म्हणजे ते नेटवर्कवरच्या साठ्यात ठेवावं लागतं. मूडल कॅशेच्या बारीकबारीक फायली सतत वाचत-लिहीत असतं. नेटवर्कवरच्या साठ्यात हे काम रखडतं. कॅशे प्रत्येक सर्व्हरवर स्थानिक ठेवण्याची व्यवस्था केली नाही तर चार सर्व्हर एकापेक्षा हळू चालतात. सल्लागाराच्या सादरीकरणात हे नसतं, तिथे ढगाचं चित्र आणि बाण असतात. उलट जे मशीन कॉलेजच्या बजेटात बसतं म्हणून प्रत्यक्षात घेतलं जातं, ते बहुधा ॲमेझॉनच्या टी मालिकेतलं. टी३ मीडियमला कोअर दोन दिसतात, पण सलग वापराची हमी प्रत्येक कोअरच्या २० टक्क्यांची. त्यापुढचं काम साठलेल्या क्रेडिटवर चालतं. क्रेडिट संपली की एक तर मशीन मंदावतं, नाही तर जादा आकार लागू होतो. कुठलं ते सेटिंगवर अवलंबून. तीन तासांच्या परीक्षेला असलं मशीन लावायचं आणि वर म्हणायचं की आम्ही मोठ्या कंपनीकडे आहोत!

पैशांकडे वळतो. ‘सुरुवातीला क्रेडिट मिळतात, वर्षभर जवळजवळ फुकट’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ही सवलतीची क्रेडिट संपल्यावर बिलात जी ओळ सगळ्यांना चकवते ती मशीनच्या भाड्याची नसते, बाहेर जाणाऱ्या डेटाची असते. क्लाऊडमध्ये माल आत आणायला पैसे लागत नाहीत, बाहेर न्यायला लागतात. विद्यार्थ्याने व्याख्यान पाहिलं की डेटा बाहेर गेला. ॲमेझॉनच्या मुंबई विभागाचा जाहीर दर पहिल्या १०० जीबीनंतर जीबीमागे साधारण ११ सेंट आहे. ५०० एमबीचं एक व्याख्यान हजार मुलांनी पाहिलं तर ५०० जीबी झाले. महिन्यात अशी दहा व्याख्यानं म्हणजे पाच हजार जीबी, आणि नुसत्या वाहतुकीचे ५३९ डॉलर. त्यावर १८ टक्के जीएसटी. डिजिटल ओशनचं बंगळुरूतलं चार जीबी मेमरीचं साधं मशीन महिना २४ डॉलरला मिळतं आणि त्यात चार हजार जीबीची वाहतूक धरलेली असते. पुढच्या हजार जीबीला जीबीमागे एक सेंट, म्हणजे दहा डॉलर. मशीन धरून ३४. आकामाईने २०२२ मध्ये विकत घेतलेल्या लिनोडचं मुंबईत केंद्र आहे. तिथेही हिशेब साधारण याच वळणाचा.

यावर कुणी म्हणेल की व्हिडिओ मूडलच्या सर्व्हरवर ठेवतंच कोण? बरोबर आहे, ठेवू नयेत. यूट्यूबवर टाका, मूडलमध्ये दुवा द्या. मग हा फरक खूप कमी होतो. पण प्राध्यापक काय करतात ते मूडल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सूचना तीनदा काढली तरी चौथ्या दिवशी कुणीतरी ८०० एमबीची फाईल थेट विषयाच्या पानावर चढवतं. बिल माणसाच्या सवयीवर येतं, धोरणावर नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कायमचं सोडून जाताना डेटा बाहेर काढण्याचं शुल्क गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांनी मार्चमध्ये माफ केलं. त्यांना एकाएकी उदारपणा सुचला असं नव्हे. युरोपचा डेटा कायदा समोर येऊन ठाकला होता, आणि त्यानुसार जानेवारी २०२७ पासून तिथे पुरवठादार बदलण्याचं शुल्क घेता येणार नाही. पण ही माफी जातानाची. राहत असतानाचा रोजचा दर आहे तसाच आहे.

आता कायदा आणि सुरक्षितता. हे शब्द बैठकीत उच्चारले की सगळे गप्प होतात, म्हणूनच ते जरा उघडून पाहायला हवेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा खासगी महाविद्यालयाला अमुक कंपनीच वापरा असं सांगत नाही. सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून बाहेरही डेटा नेता येतो. कायदा जे सांगतो ते वेगळंच आहे आणि संस्थांना जड जाणारं आहे : काही अपवाद सोडले तर, १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं या वयोगटात येतात. ही जबाबदारी संस्थेची आहे, आणि काम बाहेरच्या पुरवठादाराला दिलं तरी ती संस्थेचीच राहते. मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर घेतलं म्हणून संमतिपत्रं आपोआप गोळा होत नाहीत.

सुरक्षिततेचंही तसंच. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शिक्षण मंचाचा एक साठा मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवर कुलूप न लावता उघडा राहिल्याचं जानेवारी २०२३ मध्ये उघडकीला आलं. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. दोष अझ्युअरचा नव्हता. कुलूप लावायचं काम ज्याचं त्याने ते लावलं नव्हतं. माझा मुद्दाही एवढाच आहे की कुलूप लावणारा माणूस क्लाऊडबरोबर येत नाही.

आणि ‘सार्वभौम’ वगैरे जड शब्द न वापरता आणखी एक घटना सांगतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचा हवाला देऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनीला आपल्याच ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, त्यानंतर सेवा सुरू झाल्या. कॉलेजवर कुणी निर्बंध घालणार नाही हे मलाही कळतं. पण ‘मोठी कंपनी म्हणजे हक्काची’ हा जो समज आहे, तो तेल शुद्धीकरणाचा कारखाना चालवणाऱ्यांच्याही उपयोगी पडला नाही.

सरकारी संस्थांचं वेगळं आहे. त्यांना इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतलाच पुरवठादार लागतो, आणि ते ठीकच आहे. मात्र ती यादी तीन नावांची नाही. नाशिकची ईएसडीएस तिच्यात आहे, पनवेलजवळ प्रचंड डेटा सेंटर असलेली योट्टा आहे. निविदेत ‘आघाडीचा जागतिक क्लाऊड पुरवठादारच’ असं घालणारा अधिकारी सरकारी नियम पाळत नसतो, स्वतःचा नियम करत असतो.

पर्यायी म्हणजे चांगलाच, असं मात्र कुणी समजू नये. या बाजूलाही गाळ भरपूर आहे. एका रॅकमध्ये चार मशीनं ठेवून ‘क्लाऊड’ची पाटी लावणारे पुण्या-मुंबईत कमी नाहीत. हेट्झनर या जर्मन कंपनीचे दर ऐकून डोळे फिरतात, पण तिची केंद्रं जर्मनी, फिनलंड, अमेरिका आणि सिंगापूरला आहेत, भारतात नाहीत. नागपूरच्या विद्यार्थ्याची प्रत्येक क्लिक न्यूरेंबर्गला जाऊन परत येणार असेल तर वाचलेले डॉलर त्याच्या वेळेतून वसूल होतात. न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांनी मात्र हेट्झनरचं व्हर्जिनियातलं मशीन जरूर पाहावं. मुलं तिथली आहेत. डिजिटल ओशन नव्या मशीनवरून ईमेल पाठवण्याची नेहमीची दारं बंदच ठेवतं. हे माहीत नसलं की प्रवेशाच्या आठवड्यात पासवर्ड बदलण्याची पत्रं कुणालाच मिळत नाहीत आणि सगळे मूडलला शिव्या देतात. ईमेलसाठी वेगळी सेवा घ्यावी लागते. मध्यरात्री कार्डाचा व्यवहार नाकारला गेला म्हणून यंत्रानेच खातं गोठवलं, असंही घडतं. मग ज्या पुरवठादाराकडे फोनवर माणूस भेटत नाही तो परीक्षेच्या हंगामात स्वस्त राहत नाही.

आणि काही कामं खरोखर मोठ्यांची आहेत. कोट्यवधी विद्यार्थ्यांचा राज्यव्यापी मंच चालवायचा असेल, एकाच वेळी अनेक प्रदेशांतून सेवा द्यायची असेल, तर मी कुणाला दोन-चार मशीनं भाड्याने घ्या असं सांगणार नाही. पण आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजची गरज लिहिताना राष्ट्रीय मंचाची गरज उतरवून काढण्याची खोड आहे. तीन हजार विद्यार्थी, रोज एका वेळी फार तर दीडशे हजर, वर्षातून दोनदा गर्दी : एवढा मामला असतो. त्याला आठ कोअर आणि १६ ते ३२ जीबीचं एक नीट लावलेलं मशीन, आणि दुसरीकडे बॅकअप. ओपन ईडीएक्सला थोडं जास्त. ते बसवण्याच्या ट्यूटर या साधनाला फक्त उभं राहायला किमान चार आणि बरं चालायला आठ जीबी मेमरी लागते. बिगब्लूबटनवर थेट तास घ्यायचे असतील तर त्याला आठ कोअर, १६ जीबीचं स्वतंत्र मशीन द्या. ते मूडलच्या मशीनवर कोंबलं की दोन्ही रडतात.

उरला शेवटचा प्रश्न, आणि तो खरा आहे : ‘हे सांभाळणार कोण?’ मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापित सेवा घेतल्या की ती चिंता मिटते, असं सुचवलं जातं. डेटाबेसच्या बॅकअपपुरती मिटते, हे कबूल. पण मूडलची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, सुरक्षेच्या दुरुस्त्या मधूनमधून येत राहतात. ओपन ईडीएक्सचीही वर्षाला दोन प्रकाशनं होतात आणि पुढचं आलं की मागच्याचा पाठिंबा संपतो. या दुरुस्त्या ॲमेझॉन बसवत नाही, गूगलही नाही. बसवतो तो माणूस. त्याला पगार द्यायला पैसे नाहीत असं सांगणाऱ्या संस्था क्लाऊडला वर्षाकाठी तेवढेच पैसे मोजताना मी पाहिल्या आहेत. वाचलेल्या पैशांतून अर्धवेळ का होईना एक जाणती व्यक्ती नेमा. संगणकशास्त्राच्या विभागातच ती सापडेल. दोन विद्यार्थी तिच्या हाताखाली द्या. त्यांना पदवीच्या अख्ख्या अभ्यासक्रमात जे मिळणार नाही ते एका परीक्षेच्या हंगामात मिळेल. सल्लागाराला हे सुचत नाही याचं कारणही समजून घ्यावं. बड्या कंपन्यांचे भागीदार कार्यक्रम असतात, पुनर्विक्रेत्याला त्यात सूट मिळते. यात बेकायदेशीर काही नाही, पण सल्ला ऐकताना ते लक्षात असलेलं बरं.

त्या व्यक्तीला काय माहीत असावं तेही सांगतो, कारण स्थलांतराचा बाऊ इथेच केला जातो. मूडल हलवायचं म्हणजे तीन गोष्टी न्यायच्या : डेटाबेसचा डंप, मूडलडेटा हे फोल्डर, आणि कॉन्फिगची फाईल, वरून बसवलेली प्लगइन्स मोजून घ्यायची. नव्या मशीनवर त्याच आवृत्तीचं मूडल, कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा नवा पत्ता, आणि डीएनएसची मुदत आदल्या दिवशी पाच मिनिटांवर आणलेली. ओपन ईडीएक्समध्ये फसगत होते ती मोंगोडीबीपाशी. मायएसक्यूएलमध्ये विद्यार्थी आणि गुण असतात, पण धड्यांचा मजकूर बराचसा मोंगोडीबीत. एकाचाच बॅकअप घेणाऱ्याला पुन्हा उभारल्यावर गुणपत्रिका सापडतात, धडे सापडत नाहीत. ट्यूटरची कॉन्फिगची फाईलही जपायची. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या तिच्यात असतात. ज्याने हे एकदा हाताने केलं आहे त्याला कुठल्याही कंपनीच्या नावाची भीती वाटत नाही, आणि भुरळही पडत नाही.

म्हणून संस्थाचालकांना, प्राचार्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत कंपनीचं नाव लिहू नका, ‘आघाडीचा’ हा शब्दही नको. एक अट घाला. काम घेणाऱ्याने आपल्या चालू मूडलच्या कालच्या बॅकअपवरून, दुसऱ्याच पुरवठादाराकडे, तुमच्यासमोर बसून एका दिवसात ते उभं करून दाखवायचं. एका विद्यार्थ्याने त्यात लॉगिन करून मागच्या परीक्षेचे आपले गुण पाहायचे. आणि हा प्रयोग दर सत्राला एकदा, ठरलेल्या पैशांत, पुन्हा करायचा. जो हे करून दाखवेल त्याने मशीन मुंबईत घेतलं, नाशिकला घेतलं की ॲमेझॉनकडे, यावर वेळ घालवू नका. जो ‘त्याची गरज पडणार नाही’ असं म्हणेल, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.